अस्थींची छाया आणि परिणामांचे दफ्तर

सन 1920 च्या सुमारास अमेरिकेतील बोस्टन शहरी अर्नेस्ट एमरी कॉडमन नावाच्या एका शल्यवैद्याने आपल्या व्यवसायबंधूंना पत्रे धाडून अशी पृच्छा केली की, हाडाचा सार्कोमा होऊनही उपचारांती ज्याला आयुष्य लाभले आहे असा एखादा रुग्ण आपल्या पाहण्यात असल्यास त्याची साद्यंत कैफियत, त्याच्या हाडाचे क्ष-किरण-चित्र आणि गाठीच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालची काच, अशी तिन्ही साधने कृपा करून पाठवावीत. पृच्छा साधी होती. परंतु तिचे उत्तर देणे भल्याभल्यांना जड गेले, कारण पाय कापून जखम भरली आणि रुग्ण घरी गेला म्हणजे शल्यवैद्याचे कर्तव्य संपले, पुढे तो जगला की वारला याची वास्तपुस्त करण्याचा रिवाज त्या काळी बहुतेक रुग्णालयांत नव्हता. जी उत्तरे आली त्यांतील ‘बरे झालेले’ कित्येक रुग्ण मुळात सार्कोमाचे नव्हतेच, असे पुढे चित्रे व काचा एकमेकींशी ताडून पाहता निष्पन्न झाले. कोणाचे हाड जंतुसंसर्गाने सुजलेले होते, तर कोणाची गाठ सौम्य जातीची निघाली. या पत्रव्यवहारातून अस्थि-सार्कोमाचे जे दफ्तर उभे राहिले, त्याच्या साहाय्यास न्यूयॉर्कचे जेम्स युइंग आणि बाल्टिमोरचे जोसेफ ब्लडगुड हे दोघे नामांकित तज्ज्ञ आले, आणि 1927 साली अनातोल कोलॉड्नी यांनी याच दफ्तराच्या आधारे अस्थि-सार्कोमावरील आपला प्रबंध सिद्ध केला.

आज एखाद्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याचे चित्र संगणकापुढे ठेवून, या मुलाची गाठ औषधांना दाद देईल की नाही आणि तिची बीजे फुप्फुसात उतरतील की नाही, याचे भाकीत करण्याचा प्रयत्न अनेक देशांत चालला आहे. या प्रयत्नाची वंशावळ सांगताना ती यंत्रांच्या अंगाने सांगण्याची वहिवाट पडून गेली आहे: आधी क्ष-किरण, मग सीटी, मग एमआरआय, मग पेट, आणि शेवटी संगणक. ही वंशावळ खोटी नाही, पण अपुरी आहे. चित्र स्वतः होऊन भविष्य सांगत नाही; त्या चित्राच्या धन्याचे पुढे काय झाले, हे कोणीतरी चिकाटीने लिहून ठेवले असेल तरच पुढच्या रुग्णाच्या चित्रात काही वाचता येते. म्हणून हा इतिहास जितका काचांचा आणि किरणांचा आहे, तितकाच तो वह्यांचा आणि टपालाचाही आहे, असे मला वाटते.

कॉडमन हा गृहस्थ या दोन्ही अंगांनी पुरा पडणारा होता. 1869 साली जन्मलेल्या या शल्यवैद्याने क्ष-किरणांचा शोध लागताच त्यांचा अभ्यास आरंभिला होता, आणि बोस्टनच्या बालरुग्णालयात हाडांची छायाचित्रे घेण्याचे काम त्याने ऐन तारुण्यात केले होते. परंतु त्याच्या मनाने घेतलेला खरा ध्यास निराळाच होता: प्रत्येक रुग्णाच्या नावाचा एक कागद असावा, त्यावर रोगाचे निदान, केलेला उपचार आणि वर्षभराने प्रत्यक्ष आढळलेला परिणाम नोंदवावा, आणि परिणाम वाईट असल्यास त्याचे कारण, मग ते शल्यवैद्याची चूक हेच का असेना, स्पष्ट लिहावे. याच तत्त्वावर 1911 साली त्याने आपले स्वतःचे छोटे रुग्णालय काढले, आणि पुढील पाच वर्षांत तेथून गेलेल्या 337 रुग्णांचा हिशेब छापताना त्यात आपल्या हातून घडलेल्या 123 चुका त्याने जाहीर केल्या. असा मनुष्य समव्यावसायिकांत लोकप्रिय होणे शक्यच नव्हते. 1915 सालच्या एका सभेत त्याने बोस्टनच्या वैद्यकविश्वावर एक बोचरे व्यंगचित्र भर सभेत उघडे केले, आणि त्यानंतर त्याची वैद्यक व्यवसायातील प्रतिष्ठा जी घसरली ती पुन्हा पूर्ववत झाली नाही. 1940 मध्ये तो निवर्तला, तेव्हा त्याच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो बसला 2014 साली.

हाडाच्या क्ष-किरण-चित्रात नेमके काय दिसते, हे येथे जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. मुलांचा ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे स्वतः हाड रचणारा सार्कोमा, बहुधा दुसऱ्या दशकात, उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात उद्भवतो आणि निम्म्याहून अधिक वेळा गुडघ्याच्या आसपास, मांडीच्या हाडाच्या खालच्या किंवा नडगीच्या वरच्या टोकाशी, वाढीच्या चकतीजवळ ठाण मांडतो. प्रकाशपेटीवर लावलेल्या चित्रात निरोगी हाडाची कड एखाद्या रेखीव पांढऱ्या रेघेसारखी उमटते, आणि तिच्यावरचे अस्थ्यावरण दिसत नाही, कारण ते मऊ असते आणि त्यात किरणांना अडवणारा चुना नसतो. गाठ हाड फोडून बाहेर येऊ लागली की ती हे आवरण उचलून धरते. उचललेले आवरण आपल्या स्वभावधर्मानुसार खाली नवे हाड रचू लागते. परंतु गाठ इतक्या वेगाने पुढे सरकते की तिच्या माथ्यावर हाड रचायला सवड मिळत नाही, ती केवळ कडेच्या कोपऱ्यात मिळते. तेथे जो लहानसा त्रिकोण उमटतो त्याला जगभरचे वैद्य कॉडमनचा त्रिकोण म्हणतात, यद्यपि जर्मनीच्या हुगो रिबर्ट यांनी तो 1914 मध्ये आधीच वर्णिलेला होता. नामकरणाच्या बाबतीत इतिहास नेहमीच न्यायी असतो असे नाही. कधी हाडापासून काटकोनात बाहेर फेकलेल्या बारीक शलाका सूर्यकिरणांसारख्या दिसतात; जिची कथा पुढे येईल त्या युइंगच्या गाठीत आवरणाचे थरावर थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे रचलेले आढळतात. वाचकाने हे ध्यानात घ्यावे की, यांतले कोणतेही चिन्ह रोगाचे नाव निश्चितपणे सांगत नाही. तीव्र जंतुसंसर्गातही असाच त्रिकोण उमटू शकतो. चिन्ह सांगते ते एवढेच, की आत जे काही चालले आहे ते हाडाच्या सावरण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालले आहे. निदान कैफियत, चित्र आणि काच या तिघांच्या साक्षीने करायचे, हा दंडक कॉडमनच्या दफ्तराने घालून दिला, आणि तो आजतागायत मोडलेला नाही.

जेम्स युइंग यांची कथा थोडक्यात सांगतो. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना स्वतःलाच मांडीच्या हाडाचा जंतुसंसर्ग होऊन दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहावे लागले होते. 1921 मध्ये त्यांनी ज्या नव्या अस्थि-अर्बुदाचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातील पहिली रुग्ण अग्रबाहूची गाठ असलेली चौदा वर्षांचीच एक मुलगी होती, आणि ती गाठ रेडियमच्या किरणांनी विरघळते, ऑस्टिओसार्कोमा मात्र विरघळत नाही, हा भेद त्यांना प्रामुख्याने जाणवला. गाठ उपचाराला कशी दाद देते, यावरून तिची जात ओळखावी, ही कल्पना येथे प्रथम ठसठशीतपणे मांडलेली दिसते. आजचे सारे भाकीतशास्त्र याच कल्पनेवर उभे आहे.

तथापि छायाचित्राने रुग्णाच्या भवितव्याचा फैसला करावा, ही गोष्ट प्रत्यक्ष व्यवहारात आणली ती लंडनच्या वेस्टमिन्स्टर रुग्णालयातील सर स्टॅनफर्ड केड यांनी, आणि तिच्याइतका कठोर अध्याय या इतिहासात दुसरा नाही. त्या काळी ऑस्टिओसार्कोमा झालेल्या मुलाचा पाय ताबडतोब कापून टाकीत, आणि तरीही पाचांपैकी चार मुले वर्षा-दोन वर्षांत फुप्फुसातील गाठींनी दगावत. म्हणजे पाच मुलांचे पाय कापावेत तेव्हा एकाचे प्राण वाचत, आणि उरलेली चार अपंग होऊन मरत. केड यांच्या मनाला हे रुचेना. त्यांनी पद्धत बदलली: प्रथम गाठीला जबरदस्त मात्रेत किरणोपचार द्यावेत, मग चार ते सहा महिन्यांची मुदत घालावी, या मुदतीत छातीची छायाचित्रे पुन्हापुन्हा काढावीत, आणि फुप्फुसे स्वच्छ राहिली तरच पाय कापावा, फुप्फुसात डाग उमटले तर त्या मुलाला निदान दोन्ही पायांनी उरलेले दिवस काढू द्यावेत. 133 रुग्णांवर आधारलेला त्यांचा लेख 1955 साली प्रसिद्ध झाला, आणि ब्रिटनमध्ये पुढे दीर्घकाळ हीच रीत पाळली गेली.

या रीतीत चित्राची भूमिका काय होती याचा विचार करता मन विषण्ण होते. छातीचा फोटो येथे उपचार सुचवीत नव्हता; तो फक्त निवाडा देत होता, आणि तोही बीजे फुप्फुसात कधीचीच पडून गेल्यावर. सहा महिन्यांत जे उमटले ते पहिल्याच दिवशी तेथे होते, केवळ छायाचित्रात दिसत नव्हते. केड यांनी काळालाच एक परीक्षायंत्र बनवले असे म्हणावयास हरकत नाही. आणि त्यांच्या पद्धतीने एकूण वाचलेल्यांची संख्या वाढली नसली, तरी व्यर्थ कापले जाणारे पाय वाचले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

ही कोंडी फोडली ती औषधांनी. मेथोट्रेक्सेट हे त्यांतले प्रमुख, आणि त्याच्या जन्मकथेत आंध्रातून अमेरिकेस गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे नाव आदराने घेतले जाते, कारण फॉलिक आम्लाला विरोध करणारी ही औषधे लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्याच मार्गदर्शनाखाली सिद्ध झाली. 1970 नंतर बोस्टनमध्ये नॉर्मन जॅफी यांनी याच औषधाच्या प्रचंड मात्रा ऑस्टिओसार्कोमाच्या मुलांना देण्यास आरंभ केला, आणि मृत्यूचे आकडे उतरू लागले. त्या संक्रमणकाळाचे चिरंतन उदाहरण म्हणजे कॅनडाचा टेरी फॉक्स. 1977 साली, अठराव्या वर्षी, त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला गेला. दोनच वर्षे आधी हा रोग झाला असता तर जगण्याची आशा शेकडा 15 होती, आता ती 50 आहे, असे त्याला सांगण्यात आले होते. 1980 च्या 12 एप्रिलला तो कृत्रिम पायावर देश ओलांडण्यास निघाला आणि 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावून 1 सप्टेंबरला थंडर बे गावाजवळ थांबला. तेथे काढलेल्या छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसांत गाठी दिसल्या. पुढच्या वर्षी जून महिन्यात तो वारला.

औषधांनी गुण येतो, हे सर्वांना एकदम पटले असे मात्र नाही, आणि न पटण्याचे कारण चित्रांतच दडलेले होते. मेयो क्लिनिकच्या काही वैद्यांनी असे दाखवून दिले की, त्यांच्याकडील ज्या रुग्णांना औषधे मुळीच दिली नव्हती त्यांचेही आयुर्मान अलीकडे सुधारलेले दिसते. मग श्रेय औषधाचे कशावरून? यावर एक मार्मिक शंका निघाली. पूर्वी छातीचा साधा फोटो स्वच्छ दिसला की रुग्ण ‘रोग न पसरलेला’ या सदरात जाई. आता टोमोग्राफीने आणि नव्याने आलेल्या सीटीने बारीक डागही दिसू लागले, त्यामुळे पूर्वी ज्यांना आपण निरोगी फुप्फुसांचे समजत होतो अशांची छाननी होऊन ते त्या सदरातून बाहेर पडले, आणि सदर आपोआप सुधारलेले दिसू लागले. रुग्ण तोच, रोग तोच, केवळ खतावणीचे पान बदलले. आकडेशास्त्राचा हा फसवा गुण पुढे 1985 साली अल्व्हन फाइन्स्टाइन आदींनी अन्य कर्करोगांच्या संदर्भात साधार उकलून दाखविला. ऑस्टिओसार्कोमापुरता वाद मिटला तो एका छोट्या पण निःसंदिग्ध प्रयोगाने: 36 रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले, सर्वांची शस्त्रक्रिया केली, एका गटास नंतर औषधे दिली आणि दुसऱ्यास केवळ नजरेखाली ठेवले. 1986 मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा की, दोन वर्षांनंतर रोग न उलटलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा 66 आणि दुसऱ्यात शेकडा 17 होते. इतक्या थोड्या रुग्णांत इतका मोठा फरक वैद्यकात क्वचित दिसतो.

दरम्यान न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात निव्वळ कारखानदारीच्या अडचणीतून एक नवी परंपरा सुरू झाली होती. पाय कापण्याऐवजी रोगट हाड काढून त्या जागी धातूचे हाड बसवावे, असा तेथील इरादा होता. परंतु प्रत्येक मुलाच्या मापाचे धातूचे हाड घडवून यायला दोन-तीन महिने लागत, आणि तोवर मुलाला नुसते बसवून कसे ठेवावे, म्हणून जेरल्ड रोझेन यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच औषधे देण्यास प्रारंभ केला. मग हाड काढल्यावर त्यातली गाठ किती मेली आहे हे पाहण्याची आयतीच सोय झाली. अँड्र्यू ह्युवोस यांनी ही पाहणी शास्त्रशुद्ध केली. काढलेले हाड लांबीत करवतीने उभे चिरतात; मधल्या चकतीचे छायाचित्र घेऊन त्यावर चौकोनांचे जाळे आखतात; चकती त्या जाळ्याप्रमाणे तुकड्यांत कापून प्रत्येक तुकड्यास नकाशातला क्रमांक देतात; मग ते तुकडे आम्लात भिजत ठेवतात, कारण त्यातला चुना निघून गेल्याखेरीज पातळ काप पडत नाहीत; आणि कित्येक दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक चौकोन तपासून किती पेशी मृत व किती जिवंत याचा हिशेब मांडतात. शेकडा 90 किंवा अधिक गाठ मृत असेल तर मुलाचे भवितव्य चांगले, कमी असेल तर वाईट, ही सीमारेषा तेव्हापासून जी रूढ झाली ती आज सर्वत्र मानली जाते.

पण ही परीक्षा कितीही सूक्ष्म असली तरी तिचा निकाल उशिरा येतो. सुमारे दहा आठवडे विषारी औषधे अंगात गेल्यावर, हाड निघून गेल्यावर, मग कळणार की औषध लागू पडलेच नव्हते. साहजिकच चित्रांकडे सर्वांचे लक्ष वळले: हाड अंगात असतानाच, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आतली गाठ मरते आहे की नाही हे बाहेरून कळेल काय? येथे ऑस्टिओसार्कोमाची एक विलक्षण अडचण आहे. ही गाठ स्वतः हाडासारखा चुनखडीचा सांगाडा रचते, आणि आतल्या पेशी मेल्या तरी तो सांगाडा जागच्या जागी उभाच राहतो; त्यामुळे गाठ लहान झाली नाही म्हणून ती जिवंत आहे असे म्हणता येत नाही. युइंगच्या गाठीचे तसे नाही. तिचा मऊ भाग औषधाने झरझर आक्रसतो, आणि तेथे आकारमानाला खरोखरच अर्थ आहे. जर्मन अभ्यासगटांनी आधी 100 आणि नंतर 200 मिलिलीटर अशी घनफळाची सीमा धरून या मुलांच्या भवितव्याची विभागणी केली. ऑस्टिओसार्कोमात मात्र आकारापलीकडचे काही पाहणारी यंत्रे हवी होती, आणि ती एकामागून एक आली. 1971 साली अमेरिकेत सिरॅक्यूज येथे जी. सुब्रमण्यन आणि मॅकॅफी यांनी टेक्निशियमचे हाडात बसणारे संयुग तयार केले, त्याने साऱ्या सांगाड्याची एकदम झडती घेता येऊ लागली. एमआरआयने मज्जेतला पसारा दाखवला, आणि मुख्य गाठीपासून दूर, त्याच हाडात दडलेली बेटेही उघड केली, ज्यांच्याकडे एन्नेकिंग आणि कॅगन यांनी 1975 मध्येच लक्ष वेधले होते. नसेतून रंजकद्रव्य सोडून ते गाठीत किती वेगाने शिरते हे सेकंदा-सेकंदाच्या चित्रांत मोजण्याचे, पाण्याचे कण पेशींच्या गर्दीतून किती मोकळेपणाने सरकतात हे पाहण्याचे, आणि किरणोत्सारी साखर देऊन पेट यंत्राने गाठीची भूक मोजण्याचे प्रयोग जर्मनीत, हॉलंडमध्ये, सिअॅटलमध्ये झाले. दिल्लीच्या एम्समधूनही 2011 साली एमआरआयच्या अशा मापांची चिरलेल्या हाडाशी तुलना प्रसिद्ध झाली. मेलेली गाठ साखर खात नाही, आणि तिच्यात पाणी सैल फिरते. तत्त्व एवढेच.

परंतु वाचकाच्या मनात येईल तोच प्रश्न वैद्यांच्याही मनात होता: कळून उपयोग काय? गाठ दाद देत नाही असे कळले तर औषध बदलावे, हे उघड उत्तर आहे, आणि ते तपासण्यासाठी युरोप-अमेरिकेतील 17 देशांनी एकत्र येऊन 2005 ते 2011 या काळात 2,260 रुग्णांची नोंद केली. या रोगात एवढा मोठा प्रयोग पूर्वी झाला नव्हता. ज्यांच्या चिरलेल्या हाडात शेकडा 10 वा त्याहून अधिक गाठ जिवंत आढळली त्यांच्यापैकी सहाशेहून अधिक जणांना चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना जुनीच औषधे, अर्ध्यांना त्यांत आणखी दोन जालीम औषधांची भर, असे उपचार देण्यात आले. 2016 साली निकाल प्रसिद्ध झाला: अधिक औषधांनी त्रास वाढला, आयुष्य वाढले नाही. भाकीत बरोबर होते; ते फिरवण्याचे साधन हाती नव्हते. केड यांच्या छातीच्या फोटोनंतर साठ वर्षांनी शास्त्र पुन्हा त्याच वळणावर येऊन उभे राहिले, असे कोणी म्हटले तर मी त्याला अतिशयोक्ती म्हणणार नाही.

चित्रातील शेकडो सूक्ष्म गुणधर्म संगणकाने मोजून त्यांतून भवितव्य काढण्याच्या शास्त्राला 2012 पासून रेडिओमिक्स हे नाव मिळाले आहे. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याचा इतिहास अजून घडतो आहे. एवढेच नमूद करतो की, हा रोग दुर्मिळ असल्याने एकेका रुग्णालयाच्या हाती शे-दोनशे चित्रे लागतात आणि त्यांवर मोजायची मापे हजारांत जातात; अशा हिशेबात योगायोगालाही नियमाचा वेष चढवता येतो, आणि एका गावच्या यंत्रावर शिकलेले भाकीत दुसऱ्या गावच्या यंत्रावर लंगडते.

आता मुंबईकडे. परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 च्या 28 फेब्रुवारीस उघडले; 1963 साली इंडियन कॅन्सर सोसायटीच्या विद्यमाने मुंबईची कर्करोग-नोंदवही सुरू झाली, जी भारतातील लोकसंख्याधारित पहिली नोंदवही होय; आणि परळच्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 साली देशातले पहिले पेट यंत्र बसले. यंत्रे आली, तशा आपल्या मुलखाच्या अडचणीही चित्रांत उतरल्या. सीटीमध्ये दिसणारा पाच मिलिमीटरचा डाग न्यूयॉर्कमध्ये बहुधा सार्कोमाचाच समजतात. येथे तो जुन्या क्षयाचा वणही असू शकतो, आणि त्या एका डागावर मुलाचा रोग पसरला की नाही, म्हणजे उपचाराचा सारा आराखडा, अवलंबून असतो. त्यात भर अशी की, शल्यवैद्य छाती उघडून फुप्फुस बोटांनी चाचपतो तेव्हा सीटीला न दिसलेल्या गाठीही त्याला हाती लागतात. तेव्हा चित्राचा शब्द अखेरचा मानण्याची सोय नाही.

याच रुग्णालयात 2006 ते 2010 या काळात असा एक प्रयोग झाला की ज्याचे कॉडमनला मनःपूर्वक कौतुक वाटले असते. हातापायांच्या सार्कोमाची शस्त्रक्रिया झालेले 500 रुग्ण चिठ्ठ्या टाकून चार गटांत विभागले: काहींच्या फुप्फुसांवर साध्या छातीच्या फोटोने नजर ठेवायची, काहींच्या सीटीने, काहींना दर तीन महिन्यांनी बोलवायचे, काहींना दर सहा महिन्यांनी. हिशेब मांडायचा तो डाग किती लवकर दिसला याचा नव्हे, तर रुग्ण जगला की नाही याचा. सीटी डाग आधी दाखवते, हे तर ठरलेलेच होते. परंतु तीन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण साध्या फोटोच्या गटात शेकडा 67 आणि सीटीच्या गटात शेकडा 66 निघाले. विदर्भातून, कोकणातून किंवा थेट बिहारातून येणाऱ्या कुटुंबाला या निकालाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही; छातीचा फोटो तालुक्याच्या गावीही निघतो आणि त्याला पैसेही थोडे पडतात. भेटींच्या अंतराचा प्रश्न मात्र त्या प्रयोगात तितक्या निःसंशयपणे सुटला नाही. आणखी एक गोष्ट त्या दफ्तरातून बाहेर आली: शस्त्रक्रियेच्या जागी रोग उलटला तेव्हा तो बहुतेक वेळी कोणत्याही यंत्राआधी रुग्णाने स्वतःच ओळखला होता. म्हणून घरी सोडताना मुलाला आणि त्याच्या आईबापांना व्रणाभोवतीची जागा हाताने चाचपून कशी पाहायची, आणि नवी गाठ लागली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कसे यायचे, हे नीट शिकवून पाठवावे, अशी शिफारस त्या वैद्यांनी केली.